'थायरॉइड नॉर्मल' असा शेरा असलेली फाइल

बाई, वय ४४. नोकरी हिशेब विभागात, दिवसभर कीबोर्डवर बोटं. तक्रार थायरॉइडची नव्हतीच. उजव्या मनगटाची कार्पल टनलची (मनगटात नस दबते त्या आजाराची) शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्याआधी फिटनेसचं पत्र हवं होतं. एरवी हे काम पटकन उरकतं: नाडी, रक्तदाब, छाती, ईसीजी आणि सही. इथे नाडीवरच गाडं अडलं.

(एक खुलासा आधीच करतो. हे एका व्यक्तीचं प्रकरण नाही. अशा बऱ्याच रुग्णांत जे दिसतं ते एका रुग्णाच्या रूपात मांडलं आहे. आकडेही अशा आजारात नेहमी दिसतात तसेच घेतले आहेत.)

नाडी मिनिटाला ५४. रोज पळणाऱ्या माणसाची असते कधी इतकी. या बाई मात्र नुकत्याच जिना चढून आल्या होत्या आणि खुर्चीत बसून दम घेत होत्या. अशा वेळी नाडी वाढलेली असायला हवी. रक्तदाब १३४/९६. वरचा आकडा फारसा चढलेला नाही, खालचा मात्र चांगलाच वर. वरच्या आकड्याकडे सगळे बघतात. खालचा एकटाच वाढला तर 'टेन्शन असेल' म्हणून सोडून देतात. आणि आवाज. त्या बोलत होत्या त्यात घसा बसल्यासारखा घोगरेपणा होता, शब्दही सावकाश येत होते. "सर्दी झालीय का?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "नाही हो, वर्षभर असाच आहे. फोनवर लोक मला साहेब म्हणतात."

मग फाइल उघडली. जाडजूड, नीट लावलेली, हिशेबातल्या माणसाची असावी तशी. फक्त ती डॉक्टरांप्रमाणे लावलेली होती, तारखेप्रमाणे नाही. प्रत्येक डॉक्टरचा कप्पा वेगळा. कागद बाहेर काढून तारखेनुसार एकाखाली एक मांडले तेव्हा दिसलं ते असं.

दोन वर्षांपूर्वी केस गळायला लागले म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे. केसांसाठी गोळ्या, शाम्पू. काही महिन्यांनी ऑफिसची वार्षिक तपासणी. त्यात एलडीएल, म्हणजे 'वाईट', कोलेस्टेरॉल १८८, म्हणून ते उतरवणारी गोळी, स्टॅटिन, सुरू. त्याच तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड मंदावला की ते वाढतं) ३.६, बाजूला पेनाने 'थायरॉइड नॉर्मल'. स्टॅटिन घेतल्यावर मांड्या भरून यायला लागल्या, खाली बसलं की उठवेना. गोळी बंद केली, दुखणं थोडं कमी झालं, गेलं नाही. त्यानंतर पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, हिमोग्लोबिन ९.८ निघालं, लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. मग आवाज आणि घोरणं यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ. ॲसिडिटी वर येत असेल म्हणून त्यावरची गोळी. मग कशात मन लागत नाही, कामात आकडे पुन्हा पुन्हा तपासावे लागतात, झोपून उठलं तरी थकवा तसाच, म्हणून मनोविकारतज्ज्ञ. नैराश्यावरची गोळी, तिचा उपयोग झाला पण अर्धामुर्धा. शेवटी रात्री हाताला मुंग्या, पहाटे बोटं बधिर, नसांच्या तपासणीत कार्पल टनल दोन्ही हातांना, उजवीकडे जास्त.

यातल्या एकाही कागदावर ढोबळ चूक नाही. केस गळतात त्याला गोळ्या, कोलेस्टेरॉल वाढलं त्याला स्टॅटिन, रक्त कमी त्याला लोह. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेल्या तक्रारीचं उत्तर दिलं आणि ते उत्तर त्या तक्रारीपुरतं बरोबरच होतं. सगळ्या तक्रारी एका माणसाच्या आहेत आणि त्या एकामागोमाग एक आल्या, हे कुठल्याच कप्प्यात लिहिलेलं नव्हतं. या वयात, या कामात त्यातल्या प्रत्येक तक्रारीला तयार कारणही हजर होतं. कीबोर्डमुळे मनगट, रजोनिवृत्ती जवळ आली म्हणून पाळी, वयामुळे वजन, कामाच्या ताणामुळे थकवा.

आता तपासणी. चेहरा जरा फुगलेला, विशेषतः डोळ्यांखाली. नडगीवर अंगठा दाबून धरला तरी खळगा पडत नाही, म्हणजे हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात येते तशी पाण्याची सूज ही नव्हे. कोपराची कातडी खरखरीत. तळहात पिवळसर, पण डोळ्यांचा पांढरा भाग स्वच्छ, म्हणजे कावीळ नाही. भुवयांची बाहेरची टोकं विरळ. या भुवयांच्या खुणेवर मी फार विसंबत नाही, वयानेही त्या विरळ होतात आणि कोरण्यानेही. मानेवर समोरून नजरेला काही दिसत नव्हतं. घोटभर पाणी गिळायला सांगून बोटांनी चाचपलं तेव्हा ग्रंथी हाताला लागली: किंचित मोठी, घट्ट, जरा उंचसखल, न दुखणारी.

आणि एक तपासणी जी हल्ली कुणी करताना दिसत नाही. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं करायचं, पाठ आपल्याकडे, पावलं खुर्चीच्या कडेबाहेर सैल लोंबती. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडीने हलकी टिचकी द्यायची. पाऊल झटकन मागे जातं आणि तितक्याच झटकन परत येतं, इतकं की परत येणं वेगळं दिसतही नाही. या बाईंचं पाऊल मागे गेलं नेहमीसारखं, पण परत येताना रेंगाळलं. जाणं आणि येणं यातला फरक साध्या डोळ्यांना दिसत होता. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की आकुंचन पावलेला स्नायू पुन्हा सैल व्हायला वेळ लागतो, कारण स्नायूच्या पेशीतलं कॅल्शियम परत आत खेचून घेणारी यंत्रणा मंदावते. हातोडीला खर्च नाही आणि वेळही मिनिटभराचा.

थायरॉइड मंद असल्याची शंका बोलून दाखवल्यावर बाईंनी फाइलमधला तो कागद पुढे केला. "डॉक्टर, थायरॉइड झालंय बघून. नॉर्मल आहे. सगळ्यांनी तो रिपोर्ट बघितलाय."

माझ्या मते या प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. तक्रारी दुर्लक्षित राहिल्या त्या कुणी थायरॉइडचा विचार केला नाही म्हणून नव्हे. विचार झाला होता, तपासणी झाली होती, उत्तर 'नाही' आलं होतं. त्यानंतर ज्या ज्या डॉक्टरांच्या मनात शंका आली असेल, तिचं समाधान त्या एका कागदाने केलं. तो कागद चौदा महिन्यांपूर्वीचा होता, हेही त्यात बाजूला पडलं.

चालू औषधं कोणती, या प्रश्नाला बाईंनी तीन नावं सांगितली: लोह, ॲसिडिटीची गोळी, नैराश्याची गोळी. केसांसाठी किंवा नखांसाठी काही घेता का, असं वेगळं विचारलं तेव्हा पर्समधून पट्टी निघाली. बायोटिन १० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक, दोन वर्षं. "ते औषध नाही ना, व्हिटॅमिन आहे." म्हणून कुठल्याच चिठ्ठीवर त्याची नोंद नव्हती. प्रौढ माणसाची दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास मानतात. म्हणजे ही एक गोळी गरजेच्या तीनशेपटीहून जास्त.

बायोटिन विषारी नाही. प्रश्न प्रयोगशाळेतल्या यंत्राचा आहे. टीएसएच मोजायच्या अनेक पद्धतींत रक्तातला टीएसएच दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडतात. त्यातल्या एका प्रतिपिंडाला बायोटिन जोडलेलं असतं आणि त्या बायोटिनच्या आधाराने ही सगळी जोडणी स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट पकडणारं प्रथिन) लावलेल्या कणांवर चिकटते. जितकं चिकटेल तितका संकेत, आणि जितका संकेत तितका टीएसएच. रुग्णाच्या रक्तातच मोकळं बायोटिन भरपूर असेल, तर नाटकाला आगंतुकांनी आधीच खुर्च्या अडवाव्यात तशी कणांवरची जागा ते अडवून बसतं. तिकीटवाले बाहेर राहतात, मोजणारा आत डोकावून सांगतो की आज प्रेक्षक कमी. टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. फ्री टी-४ (थायरॉइडच्या मुख्य संप्रेरकाचा, म्हणजे थायरॉक्सिनचा, रक्तातला मोकळा भाग) मोजायची पद्धत बहुधा उलट्या तत्त्वावर चालते, तिथे आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. त्यामुळे निरोगी माणसाचा रिपोर्ट थायरॉइड अतिसक्रिय असल्यासारखा येऊ शकतो, आणि ज्याचा थायरॉइड खरंच मंद आहे त्याचा चक्क नॉर्मल. अमेरिकेच्या एफडीएने या गोंधळाबद्दल २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. थायरॉइडच नव्हे, हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचा आकडाही यामुळे खोटा कमी येऊ शकतो. सगळ्याच यंत्रांना ही अडचण येत नाही आणि नव्या चाचण्यांत बरीच सुधारणा झाली आहे. कुठल्या प्रयोगशाळेत कुठलं यंत्र आहे हे मात्र रिपोर्टवर क्वचितच ठळक दिसतं.

बायोटिन बंद करून निदान दोन दिवसांनी रक्त द्यावं, असं सांगितलं जातं. इथे डोस मोठा म्हणून आणखी काही दिवस थांबलो. निकाल: टीएसएच ६२ (साधारण मर्यादा ०.४ ते ४), फ्री टी-४ ०.४ (खालची मर्यादा ०.८ च्या आसपास), टीपीओविरोधी प्रतिपिंडं (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटल्याची खूण) खूप वाढलेली. स्नायूंना इजा झाली की वाढणारं सीके ७८०. सोडियम १३३. ईसीजीत मंद गतीपलीकडे काही नाही. निदान हाशिमोटोचा आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते तो. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं.

चौदा महिन्यांपूर्वी खरा टीएसएच किती होता, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित तेव्हा तो थोडाच वाढलेला असेल आणि नंतर चढत गेला असेल. केस गळणं, कोलेस्टेरॉल आणि स्नायूंचं दुखणं हा क्रम पाहता तेव्हाही तो ३.६ नसावा, असं मला वाटतं. पण हे अनुमानच.

निकाल हातात आल्यावर फाइलमधले कप्पे एकमेकांत मिसळायला लागले. थायरॉक्सिन कमी पडलं की त्वचेखाली, आवाजाच्या पट्ट्यांत, जिभेत, मनगटाच्या अरुंद बोगद्यात पाणी धरून ठेवणारे लांबलचक शर्करारेणू साठतात. म्हणून चेहरा फुगला, आवाज घोगरा झाला, घोरणं वाढलं आणि मनगटातली नस दाबली गेली. दोन्ही हातांना एकदमच कार्पल टनल झालं, तर कीबोर्डवर खापर फोडण्याआधी थायरॉइड आणि साखर तपासावी ती यासाठी. यकृताच्या पेशींवरची एलडीएल उचलणारी 'दारं' कमी होतात, म्हणून कोलेस्टेरॉल वाढतं. अशा स्नायूंवर स्टॅटिन दिलं तर दुखणं उफाळून येण्याची शक्यता जास्त, म्हणूनच नव्याने कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाचा टीएसएच आधी बघावा असं सांगतात. तो बघितला होताच, फक्त आकडा खोटा निघाला. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्वात रूपांतर मंदावतं, तळहाताचा पिवळेपणा त्यातला. अंडोत्सर्ग बिघडतो, रक्त गोठवणारे घटकही थोडे घटतात, म्हणून पाळीत अंगावरून जास्त जातं. रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, म्हणून रक्तदाबाचा खालचा आकडा वर.

एकोणिसाव्या शतकात यातलं काहीही मोजता येत नव्हतं. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये आणि विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये हा आजार मांडला तो चेहरा, कातडी, आवाज आणि मंदावलेली हालचाल बघूनच. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका बाईंवर उपचार केले आणि त्या पुढे २८ वर्षं जगल्या. रक्ततपासणी नव्हती तेव्हा रुग्णाकडे बघण्यावाचून इलाज नव्हता. आता रक्ततपासणी आहे म्हणून बघणं सुटत चाललंय, अशी माझी तक्रार आहे.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया इतक्या मंद थायरॉइडवर करू नये, भूल आणि गुंगीची औषधं अशा शरीरातून सावकाश निघतात. वजन ६४ किलो, हृदयविकार नाही, वय फार नाही, म्हणून किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम या हिशेबाने रोज १०० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉक्सिनची गोळी, सुरू केलं. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला असा पूर्ण डोस एकदम देत नाहीत, २५ किंवा त्याहूनही कमी मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात. आणखी एक खबरदारी: याच माणसाला मूत्रपिंडावरची अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीही कमी पडत असल्याची शंका असेल, तर आधी तिचे उपचार, मग थायरॉक्सिन. इथे तशी चिन्हं नव्हती.

सहा आठवड्यांनी टीएसएच १९. उतरला, पण अपेक्षेइतका नाही. विचारलं तर गोळी एकही चुकली नव्हती. उलट विसरायला नको म्हणून सकाळच्या सगळ्या गोळ्या एकाच डबीत ठेवल्या होत्या आणि थायरॉक्सिन व लोह एका घोटात जात होतं. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, दोन्हींत निदान चार तासांचं अंतर हवं. डोस वाढवला नाही, फक्त लोहाची गोळी रात्रीवर नेली. थायरॉक्सिन नाश्त्याच्या किमान अर्धा तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर. रक्तात ते निम्मं व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे दर पंधरवड्याला रक्त तपासून हाती काही लागत नाही. पुढच्या तपासणीत टीएसएच २.८ आला.

फरक सगळीकडे सारखा पडला नाही. पोट साफ होणं, थंडी वाजणं यात काही आठवड्यांतच. (थंडीचं त्यांनी आधी सांगितलंही नव्हतं. ऑफिसात एकट्याच शाल घेऊन बसत होत्या, पण ते एसीवर ढकललं होतं.) सीके उतरलं, एलडीएल स्टॅटिनशिवाय ११८ वर आलं. पाळी आटोक्यात आल्यावर हिमोग्लोबिन चढलं. आवाज सावकाश सुधारला. वजन मात्र तीनच किलो उतरलं आणि बाई नाराज झाल्या. त्यांना स्पष्ट सांगावं लागलं की थायरॉइडमुळे वाढतं ते वजन बहुधा थोडं असतं, त्यातलं बरंचसं मीठ-पाण्याचं, उरलेल्याचा दोष ग्रंथीवर टाकता येत नाही. नैराश्याची गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, हेही. मनोविकारतज्ज्ञांनी ती पुढे हळूहळू कमी केली.

हे वाचून दमलेल्या प्रत्येकाने उद्या रक्त द्यायला धावू नये. थकवा आणि केसगळती इतकी सर्रास असते की तशा बहुतेकांचा थायरॉइड ठीकच निघतो. टीएसएच जरासा वाढलेला, म्हणजे ४ ते १० मध्ये असेल आणि टी-४ नीट असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा बघावा. अनेकदा तो आपोआप खाली येतो, शिवाय उतारवयात तो थोडा वर असणं नवल नाही. उगीच थायरॉक्सिन घेतलं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं झिजू शकतात. शंका घ्यावी ती लक्षणांच्या जोडण्यांवरून आणि बदलावरून. आधी नव्हतं ते वर्ष-दोन वर्षांत एकामागोमाग सुरू झालं, शरीराच्या वेगवेगळ्या भागांत सुरू झालं, तर सगळं एका कागदावर तारखांसह लिहून न्यावं, आणि त्याच कागदावर 'औषध नाही' असं वाटणाऱ्या गोळ्याही.

अशी हुकणारी माणसं आणखीही आहेत. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडला सूज येऊन तो आधी अतिसक्रिय आणि मग मंद होऊ शकतो, आणि सगळा थकवा जागरणाच्या नावावर जमा होतो. म्हाताऱ्या माणसाचा थायरॉइड अतिसक्रिय झाला तर तरुणांसारखी धडधड, थरथर न दिसता नुसतं वजन उतरतं, माणूस गप्प होतो, घरचे म्हणतात वय झालं. टीएसएच तयार करणाऱ्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतच बिघाड असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतो आणि टी-४ कमी असतो. म्हणून चित्र थायरॉइडचं आणि टीएसएच साधा, अशी विसंगती दिसली की फ्री टी-४ मागवावा आणि रक्त पुन्हा, शक्यतो दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर तपासून घ्यावं.

बाईंचा डावा हात आता पूर्ण मोकळा आहे. उजव्या हाताच्या मुंग्या कमी झाल्या तरी अंगठ्याशेजारच्या दोन बोटांत बधिरपणा उरला आहे. नस बराच काळ दबलेली होती. रात्री मनगटाला स्प्लिंट चालू ठेवलं आहे. सहा महिन्यांनी नसांची तपासणी पुन्हा करायची आणि तेव्हाही अडथळा दिसला तर पुढे ढकललेली शस्त्रक्रिया उरकून घ्यायची, असं ठरलं आहे.